बागेची तहान आणि छपरावरचें पाणी

गोदावरीला पूर आला म्हणजे तो किती आला, हें नाशिककराला कोणत्याही सरकारी पट्टीवरून समजून घ्यावें लागत नाहीं. नदीच्या पात्रांत उभा असलेला दुतोंड्या मारुती हीच त्याची पट्टी. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलें, कमरेला लागलें, छातीला लागलें, अशा शब्दांत बातमी घरोघर जाते. मारुती बुडाला म्हणजे महापूर. आणि पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत चढलें, तर तो पिढ्यान् पिढ्या सांगण्याजोगा प्रसंग. नदीचें पाणी इतक्या आस्थेनें मोजणाऱ्या या शहरांत, आपल्या छपरावर एका पावसाळ्यांत किती पाणी पडतें आणि आपल्या बागेला उन्हाळ्यांत किती लागतें, हे दोन आंकडे मात्र सहसा कोणी मोजीत नाहीं. हे आंकडे ठाऊक नसल्यामुळेंच पावसाळ्याचें पाणी गटारांतून वाहून जातें, आणि उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यावर हिरवळ पोसली जाते.

इ. स. २०१६ या वर्षानें ही विसंगति सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडली. त्या वर्षींच्या एप्रिल महिन्यांत रामकुंड कोरडें पडलें. ऐन गुढीपाडव्याच्या सुमारास यात्रेकरूंना कुंडाचा तळ पाहावा लागला. पुढें ऑगस्टच्या आरंभींच त्याच गोदावरीला मोठा पूर आला आणि दुतोंड्या मारुती पाण्याखालीं गेला. या दोन प्रसंगांमध्यें अवघें चार महिन्यांचें अंतर होतें. म्हणजे पाणी मुळींच नव्हतें असें नाहीं. तें हवें तेव्हां नव्हतें आणि नको तेव्हां अतोनात आलें. जी अडचण नदीची, तीच लहान प्रमाणावर प्रत्येक घराच्या अंगणाची. तेव्हां प्रश्न पाणी निर्माण करण्याचा नसून, तें मोजून राखण्याचा आणि मोजून खर्चण्याचा आहे.

हा विचार या भूमीला नवा नाहीं. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मि डोंगरावर जीं पांडवलेणीं आहेत, तेथें विहारांजवळ कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आजही दिसतात. डोंगरावरून उतरणारें पावसाचें पाणी त्यांत सांठवून भिक्षु वर्षभर वापरीत. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें कोरविलेल्या लेखांत लेण्याबरोबर या टांक्यांचाही उल्लेख आहे. त्यांना तेथें पोढी असें नांव आहे. गोवर्धन, सोपारा इत्यादि ठिकाणीं त्यानें बागा, तळीं आणि विहिरी करविल्याचेंही त्याच लेखांत नमूद आहे. बाग आणि जलाशय यांचीं नांवें तेथें जोडीनेंच येतात, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पुढें मोगलांच्या अमलांत हें शहर गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचें नगर, म्हणून ओळखलें जात असे. जुन्या वाड्यांतून पन्हळीखालीं आणि पागोळ्यांखालीं घंगाळें मांडण्याची रीत होती, ती तर अनेक घरांतील वडील मंडळींच्या आठवणींतली आहे.

आतां आंकड्यांकडे वळावें. नाशिक शहराचें वार्षिक पर्जन्यमान सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे अठ्ठावीस इंचांच्या आसपास आहे. आणि त्यांतील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. परंतु हा आंकडा सर्व जिल्ह्याला लागू नाहीं. घाटमाथ्यावरील इगतपुरीस वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. आणि तेथून पूर्वेस, पर्जन्यछायेंत असलेल्या येवलें-नांदगांवच्या बाजूस तो ५०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. शहरांतही त्र्यंबक रस्त्याकडील भाग आणि नाशिकरोडकडील भाग यांवर एकाच दिवशीं सारखाच पाऊस पडेल असें नाहीं. म्हणून दुसऱ्याच्या अंगणांतील आंकडा आपल्या अंगणासाठीं उसना घेण्यापेक्षां स्वतः मोजणें श्रेयस्कर.

पाऊस मोजण्याला महागडें यंत्र लागत नाहीं. सरळ कडांचा कोणताही डबा किंवा बरणी चालते. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचें असावें, एवढीच अट. भिंतीपासून आणि झाडांपासून दूर, उघड्यावर तो ठेवावा, वाऱ्यानें पडूं नये म्हणून विटांत बसवावा, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां आंतील पाण्याची खोली पट्टीनें पाहून वहींत लिहावी. हवामानखात्याची नोंदही याच वेळेची असते, त्यामुळें दोहोंची तुलना करतां येते. एक पावसाळाभर हें काम घरांतील शाळकरी मुलाकडे सोंपविलें, तर घराला आंकडे मिळतील आणि मुलाला निरीक्षणाची संवय लागेल.

या मोजमापाचें सर्वांत सोयीचें सूत्र असें: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडलें. मात्र पडलेलें सगळेंच पाणी हातीं येत नाहीं. कांहीं गच्चीच्या पृष्ठभागांत जिरतें, कांहीं उडून जातें, कांहीं पन्हळीबाहेर सांडतें. पत्र्याच्या छपरावरून सुमारें नव्वद टक्के, सिमेंटच्या गच्चीवरून ऐंशी टक्के आणि मंगळुरी कौलांवरून पाऊणशें टक्क्यांच्या आसपास पाणी मिळतें. मोकळ्या मातीच्या अंगणावरून तें फारच थोडें वाहतें, कारण बहुतेक जमिनींतच मुरतें. आणि तें तेथेंच मुरलेलें चांगलें.

उदाहरणासाठीं एक मध्यम आकाराची बंगली घेऊं. तिची सिमेंटची गच्ची १०० चौरस मीटरची, म्हणजे सुमारें १,०७५ चौरस फुटांची आहे असें धरावें. शंभराला सातशेंनीं गुणून त्यांतील ऐंशी टक्के घेतले, म्हणजे ५६,००० लिटर पाणी होतें. हें झालें सरासरीच्या वर्षाचें. ज्या वर्षीं पाऊस ५०० मिलिमीटरच पडतो, त्या वर्षीं हेंच उत्पन्न ४०,००० लिटरांवर येतें. शहाणा गृहस्थ घरखर्चाचें अंदाजपत्रक चांगल्या वर्षाच्या मिळकतीवर बांधीत नाहीं. पाण्याचेंही तसेंच करावें.

जमेची बाजू झाली, आतां खर्चाची. बागेला पाणी दिलें म्हणजे तें जातें कोठें? थोडें मातीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन उडतें. उरलेलें मुळें शोषून घेतात, आणि त्याचा फारच मोठा भाग पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांवाटे पुन्हा हवेंतच जातो. या दोन्ही वाटांनीं मिळून जें पाणी हवेंत जातें, तेवढें भरून देणें हेंच पाणी घालण्याचें प्रयोजन. ऊन, वारा, उष्णता आणि हवेचा कोरडेपणा यांवरून हें मान गणितानें काढतां येतें, हें हॉवर्ड पेनमन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९४८ सालीं दाखवून दिलें. आजही सिंचनशास्त्रांतील हिशेब त्याच पायावर उभे आहेत. नाशिकच्या हवेंत, दाट आणि आंखूड गवतानें झांकलेल्या जमिनीवरून एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला सुमारें ६ ते ७ मिलिमीटर पाणी जातें. डिसेंबर-जानेवारींत हेंच मान ४ मिलिमीटरच्या आसपास असतें.

ज्यांना हेंही घरच्या घरीं ताडून पाहावयाचें असेल, त्यांनीं सरळ कडांचें रुंद पातेलें उन्हांत, पक्ष्यांनीं पाणी पिऊं नये म्हणून वर जाळी घालून ठेवावें, आणि दिवसभरांत पाण्याची पातळी किती उतरली तें पाहावें. वेधशाळांतूनही याच तत्त्वावर चार फूट व्यासाचें उघडें पात्र ठेवलेलें असतें. त्या पात्रांतून जेवढें पाणी उडतें, त्याच्या सुमारें सात दशांश पाणी गवताच्या हिरवळीला लागतें असें मानतात. लहान पातेलें लौकर तापतें, म्हणून त्याचा आंकडा कांहींसा अधिक येईल. तरी आज बागेला कालच्यापेक्षां अधिक पाणी हवें कीं कमी, हें त्यावरून निश्चित कळतें.

प्रत्येक झाडाची तहान सारखी नसते. वरील मान एक धरलें, तर भाजीच्या भरास आलेल्या वाफ्याला साधारण तितकेंच, हिरवळीला ऐंशी टक्के, गुलाबाच्या ताटव्याला सत्तर टक्के, आणि मूळ धरलेल्या तगर, कण्हेर, जास्वंद अशा झुडुपांना चाळीस टक्के पाणी पुरतें. आपल्या बंगलीभोंवतीं ३० चौरस मीटर हिरवळ, १० चौरस मीटर गुलाब, ५ चौरस मीटर भाजी आणि १५ चौरस मीटर झुडुपें आहेत असें समजावें. दिवसाला ६ मिलिमीटर या मानानें हिरवळीला १४४ लिटर, गुलाबाला ४२, भाजीला ३० आणि झुडुपांना ३६, मिळून २५२ लिटर पाणी रोज हवें. परंतु रबरी नळीनें पाणी देतांना जवळजवळ तीस टक्के पाणी वाटेवर, फरशीवर आणि मुळांच्या आवाक्याबाहेर जातें. तें धरून नळांतून प्रत्यक्ष ३६० लिटर काढावे लागतात. यांत अर्ध्याहून अधिक वांटा एकट्या हिरवळीचा आहे, ही गोष्ट हिशेब केल्याशिवाय ध्यानांत येत नाहीं.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर सुमारें १३५ दिवस आणि तेथून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारें १०० दिवस, असा बागेचा कोरडा काळ असतो. थंडींत रोज २४० आणि उन्हाळ्यांत रोज ३६० लिटर धरले, तर एकूण खर्च ६८,४०० लिटर होतो. छपराचें उत्पन्न ५६,००० लिटर. अर्थात् अशी बाग पावसाचा थेंबन् थेंब राखला तरी पावसाच्या पाण्यावर चालणार नाहीं. आतां हिरवळ काढून त्या जागीं एखादा बकुळ किंवा कडुनिंब लावावा, मोकळी माती पाचोळ्यानें झांकावी, आणि उरलेल्या वाफ्यांना ठिबक नळ्यांनीं पाणी द्यावें. नवें झाड पहिलीं दोन वर्षें थोडें पाणी मागेल. पुढें तें आपलें पाहून घेतें. ठिबकांत वाया जाणारें पाणी दहा टक्क्यांवर येतें, आणि उन्हाळ्यांतला रोजचा खर्च ३६० वरून १२० लिटरांवर उतरतो. संपूर्ण कोरड्या काळाचा खर्च मग २२,८०० लिटर होतो. दुष्काळी वर्षाच्या उत्पन्नांतूनही तो भागण्यासारखा आहे. गुलाब तेच, भाजी तीच. बदलली ती केवळ आंखणी.

पाणी किती द्यावें याबरोबरच तें किती दिवसांनीं द्यावें, हेंही मातीवर अवलंबून असतें. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्या एक फूट खोलीच्या थरांत झाडांना घेतां येईल असें सुमारें ४५ मिलिमीटर पाणी मावतें. त्यांतील निम्में संपलें कीं पुन्हा पाणी द्यावें, असा साधारण नियम आहे. गुलाबाचा रोजचा खर्च चार मिलिमीटरच्या थोडा वर असतो; तेव्हां भर उन्हाळ्यांतही काळ्या मातींतल्या गुलाबाला पांचव्या दिवशीं, चौरस मीटरला बावीस लिटर, असें भरपूर पाणी पुरतें. मुरमाची भर घातलेल्या नव्या अंगणांत मात्र तेंच पाणी दोन दिवसांवर द्यावें लागतें, कारण मुरूम पाणी धरीत नाहीं. कुंडीची गोष्ट निराळी. तिला उन्हाळ्यांत रोज पाणी हवें. जमिनींतल्या झाडाला रोज संध्याकाळीं वरवर शिंपडा मारणें हा प्रेमाचा भाग असला तरी हिताचा नाहीं. त्यानें मुळें वरच्या थरांतच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलें कीं झाड माना टाकतें. चार बोटें खोल माती उकरून मुठींत दाबावी. गोळा होत असेल तर त्या दिवशीं पाणी देऊं नये.

आतां मुख्य अडचण सांठवणीची. छपन्न हजार लिटरांची टांकी बांधणें सामान्य घराला शक्य नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. दोन मीटर रुंद, अडीच मीटर लांब आणि दोन मीटर खोल अशी टांकी दहा हजार लिटरांची होते. वरच्या गच्चीवरून ती भरण्यास एकूण १२५ मिलिमीटर पाऊस पुरतो. म्हणजे साधारण वर्षीं जुलैंतच ती तुडुंब होते. तेव्हां टांकी भरणें अवघड नाहीं, ती राखणें अवघड आहे. आषाढ-श्रावणांत पावसानें उघडीप दिली तर तींतील पाणी खुशाल वापरावें, कारण पुढचा पाऊस ती पुन्हा भरणार असतो. परंतु उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसानें ती अखेरची भरली, म्हणजे झांकण लावून बंद करावी आणि थंडींत बागेला विहिरीचें किंवा नळाचें पाणी द्यावें. त्या दिवसांत तें तितकें दुर्मिळ नसतें. मार्च उजाडला कीं टांकी उघडावी. रोज १२० लिटर या मानानें ती ८३ दिवस, म्हणजे जवळजवळ मे-अखेरपर्यंत चालते. जेव्हां शहराला एकेक लिटर महाग असतो, नेमक्या त्याच वेळीं ती बाग शहराकडे पाणी मागत नाहीं.

मृग लागण्यापूर्वीं गच्ची झाडून धुवावी आणि पन्हळींतील पालापाचोळा काढावा. पहिल्या सरीचें पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतें; म्हणून पहिले दोन मिलिमीटर, म्हणजे आपल्या गच्चीपुरते दोनशें लिटर, टांकीकडे न नेतां बाहेर सोडून द्यावे. त्यानंतरचें पाणी खडी आणि वाळू यांच्या थरांतून गाळून आंत घ्यावें. टांकींत उजेड शिरला तर शेवाळ धरतें, आणि डांसांना वाट मिळाली तर डेंग्यूचा फैलाव होतो. कारण त्या रोगाचा डांस सांचलेल्या स्वच्छ पाण्यांतच वाढतो. यासाठीं झांकण घट्ट असावें आणि हवेच्या व सांडीच्या नळीच्या तोंडाशीं बारीक जाळी असावी. हें पाणी बागेसाठीं, धुण्यासाठीं उत्तम. पिण्यासाठीं मात्र शुद्धीकरण केल्याशिवाय वापरूं नये.

टांकी भरून सांडलेलें पाणी उरतें, तें चांगल्या वर्षीं चाळीस हजार लिटरांहून अधिक असतें. तें रस्त्यावर न सोडतां जमिनीच्या हवालीं करावें. नाशिकच्या मातीखालीं दख्खनचा काळा कातळ आहे. कातळ स्वतः पाणी पीत नाहीं. त्याच्या भेगांतून आणि वरच्या कुजक्या मुरमांतून तें हळूहळू उतरतें. म्हणून केवळ खड्डा खणून भागत नाहीं. खड्डा मुरमापर्यंत गेला आहे कीं नाहीं तें पाहावें, त्यांत पाणी ओतून तें किती वेळांत जिरतें तें अजमावावें. घरांत जुनी विहीर किंवा आड असेल तर गाळलेलें पाणी तींत सोडणें सर्वांत सोपें. मात्र मोरीचें, गाड्या धुतल्याचें किंवा रस्त्यावरचें पाणी विहिरींत वा कूपनलिकेंत कधींही जाऊं देऊं नये. एकदां बिघडलेलें भूजल वर्षानुवर्षें सुधारत नाहीं. मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचें पाणी राखण्याची व्यवस्था राज्याच्या बांधकाम-नियमांनीं सक्तीची केलेली आहे. परंतु नियम नळी बसवूं शकतो. ती दरसाल साफ करण्याचें काम घरच्यांचेंच असतें.

एका बंगलीनें वांचविलेल्या पाण्यानें काय होणार, अशी शंका येणें साहजिक आहे. नाशिकला मुख्यतः गंगापूर धरणाचें पाणी मिळतें. १९६५ सालीं पुऱ्या झालेल्या या मातीच्या धरणाची मूळची सांठवण सुमारें ७.२ अब्ज घनफूट होती. गाळ सांचून ती आज सुमारें ५.६ अब्ज घनफुटांवर आली आहे. इकडे शहर वाढतच आहे. शिवाय या पाण्यावर केवळ शहराचा हक्क नाहीं. २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याचें समन्यायी वांटप करण्याचें तत्त्व आलें, आणि त्यानुसार २०१५, २०१८ व २०२३ या टंचाईच्या वर्षीं नाशिक-नगरकडील धरणांतून मराठवाड्यांतील जायकवाडीसाठीं पाणी सोडावें लागलें. त्यावरून सभा, मोर्चे आणि न्यायालयीन तंटेही झाले. पैठणकडील माणसाची तहान आणि नाशिकमधील हिरवळीची तहान एकाच जलाशयावर येऊन भिडते, हा या प्रश्नाचा खरा गाभा आहे. नाशिकच्या हक्काची बाजू मांडणाऱ्यालाही, आपलें पाणी कशावर खर्च होतें याचा हिशेब देतां आला पाहिजे.

मोजून पाणी देण्याची विद्या या जिल्ह्याच्या शेतकऱ्याला अवगत आहे. नाशिक आणि धुळें जिल्ह्यांतील फडपद्धतींत बंधाऱ्याचें पाणी पाळीनें, पाटकऱ्याच्या देखरेखीखालीं वांटलें जात असे, आणि टंचाईच्या वर्षीं सर्वांनीं मिळून भिजवण्याचें क्षेत्र कमी करावें असा दंडक होता. दिंडोरीजवळच्या वाघाड धरणावरील शेतकऱ्यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पाणीवापर संस्था स्थापून घनफळावर मोजलेलें पाणी विकत घेण्याचा आणि आपसांत वांटण्याचा परिपाठ घातला. नाशिकलाच १८८४ सालीं सहायक अभियंता म्हणून रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं पुढें दक्षिणेंतील कालव्यांसाठीं गटवार सिंचनाची पद्धत बसविली, तिचेंही सार हेंच होतें, कीं पाणी थोडें असतां तें मोजून अनेकांपर्यंत पोंचवावें. शेतकऱ्यानें जें गरजेनें शिकून घेतलें, तें शहरांतील सुशिक्षित घरांनीं समजून-उमजून करण्यास हरकत नसावी.

त्यासाठीं लागणारें साहित्य अगदीं थोडें आहे: सरळ कडांचा एक डबा, एक पट्टी आणि एक वही. वहींत एका बाजूस छपराची जमा आणि दुसऱ्या बाजूस बागेचा खर्च, असें एक वर्ष लिहून पाहावें. दुसऱ्या वर्षीं टांकी केवढी बांधावी, हिरवळ किती ठेवावी आणि नळी कधीं उघडावी, हें कोणाला विचारण्याचें कारण पडणार नाहीं; तें त्या वहींतच लिहिलेलें असेल.